कृश देहांतील मेद

छत्तीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत शिकविलें, आणि तितकींच वर्षें स्वतःच्या सडपातळ देहाचा अभिमान बाळगला. लग्नांतला कोट मला अजून बसतो, हें मी पाहुण्यांस आवर्जून सांगत असें. त्याचें मधलें बटण लागत नाहीं, एवढें मात्र सांगत नसें.

गेल्या दिवाळींत नातवानें वजनाचा कांटा आणला. वजन भरलें ६० किलो. उंची १६५ सेंटिमीटर. किलोंतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावें, ही केटले नामक बेल्जियन गणितज्ञाची एकोणिसाव्या शतकांतील रीत. भागाकार २२ आला. आपल्या लोकांचा २३ च्या आंत असावा म्हणतात. तेव्हां मी उत्तीर्ण! परंतु वैद्यकीचा अभ्यास करणारा नातू म्हणाला, “आजोबा, हा आंकडा स्नायु कोणते व मेद कोणता, हें जाणत नाहीं. तुमचे हातपाय इतके बारीक आहेत, म्हणूनच मला शंका येते.”

मला राग आला, हें कबूल करतों. पण त्याच्या बोलण्यानें थोरल्या बंधूंची आठवण झाली. ते मजहूनहि कृश. मधुमेह म्हणजे लठ्ठांचा रोग, अशी आमची समजूत. त्यामुळें त्यांच्याविषयीं घरांत कोणासहि शंका आली नाहीं. कळलें तेव्हां डोळे व मूत्रपिंडें दोन्ही गेलीं होतीं.

नातवानें मग पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची हकीकत सांगितली. २००४ सालीं त्यांनीं व लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचींच मापें प्रसिद्ध केलीं. दोघांचा वरील भागाकार अगदीं एक, २२.३, पण युडकिन यांच्या देहांत मेद शेंकडा ९.१, आणि याज्ञिकांच्या देहांत २१.२!

सूनबाईनें शिवणयंत्राच्या खणांतून टेप काढून दिली. अमेरिकन आरमारासाठीं १९८४ सालीं बसविलेली एक रीत आहे. पुरुषानें मान आणि बेंबीच्या पातळीवर पोट मोजावें. स्त्रीनें मान, कंबर व नितंब. आणि तीं मापें उंचीसह एका सूत्रांत घालावीं. टेप त्वचेस टेकावी, रुतूं नये. श्वास सहज सुटल्यावर आंकडा पाहावा. पहिल्या खेपेस माझें पोट ८८ भरलें. “अहो, श्वास सोडा कीं,” सौ. दारांतून म्हणाली. सोडला, ९२! परीक्षेंत कॉपी करणारीं मुलें धरणाऱ्या मास्तराची ही गत. मान ३५ भरली. सूत्रांत लॉगॅरिदम लागतात. नातू तें क्षणांत करणार होता, पण मीं माझें जुनें कोष्टकांचें पुस्तक शोधलें व अर्धा तास खपून उत्तर काढलें: शेंकडा २६. म्हणजे साठ किलोंपैकीं साडेपंधरा किलो मेद!

हें सूत्र तरुण सैनिकांच्या मापांवरून बसविलेलें. तीन-चार टक्के इकडेतिकडे व्हावयाचेच. नातवाचा कांटाहि तळपायांतून सूक्ष्म वीज सोडून मेद दाखवितो, पण ती वीज देहांतील पाण्यांतून वाहते. म्हणून सकाळचा आंकडा निराळा आणि जेवणानंतरचा निराळा. त्यावर माझी श्रद्धा बसली नाहीं. (ज्यांच्या हृदयांत पेसमेकर बसविला आहे, त्यांनीं तर त्यावर उभें राहूंच नये.)

मला पटली ती दोऱ्याची रीत. चरकसंहितेंत देहाचें प्रमाण ज्याच्या त्याच्या अंगुलांनीं मोजावें, असें सांगितलें आहे. दोऱ्याची रीत त्याच जातीची. आपल्या उंचीएवढा दोरा घ्यावा, मधोमध दुमडावा व पोटाभोंवतीं फिरवावा. टोकें सहज जुळलीं तर ठीक. माझ्या टोकांत पांच बोटांचें अंतर राहिलें. या रीतीनें मेदाचे टक्के कळत नाहींत हें खरें. पण मेद नेमका कोठें दडला आहे, तें कळतें, आणि पोटांतला मेदच अधिक घातक.

दुसऱ्याच दिवशीं उपाशीपोटीं रक्त तपासून घेतलें. साखर मर्यादेच्या किंचित् वर निघाली. डॉक्टर म्हणाले, “वेळेवर आलांत.” तेव्हांपासून रोज पाऊण तास चालतों, आणि दुपारचा दुसऱ्या वाढीचा भात सोडला आहे. तो सोडणें चालण्याहून कठीण गेलें. गेल्या महिन्यांत दोऱ्याचें अंतर चार बोटांवर आलें.

बंधूंचे दोघे मुलगे याच वाड्यांत वरच्या मजल्यावर राहतात. दोघेहि वडिलांसारखेच सडपातळ. येत्या रविवारीं दोघांसहि खालीं बोलाविलें आहे. धाकटा हंसून म्हणाला, “काका, मी तर काडी आहें, मला कसला मेद?” त्यास सांगितलें, “ये तर खरा. आणि श्वास न धरतां उभा राहा.”