चाळीस ग्रॅमचा नांगर

निवृत्तीनंतर चिंचवडच्या घरी मी रेडिओ-नियंत्रित बोटी बांधू लागलो. बँकेतील हिशेबाची सवय तेथेही कामी आली. प्रतिकृतीची लांबी ५० पटींनी घटली की वजन सव्वा लाख पटींनी घटते. ५ टनांचा नांगर अवघा ४० ग्रॅमचा! तळ्यावरचा वारा मात्र त्या प्रमाणात घटत नाही. म्हणून साखळी मुद्दाम जड, पितळेची घेतली. खरे जहाजही तळाशी आडव्या पसरलेल्या साखळीच्या आधारानेच ठरते.

नांगर ओढणाऱ्या चरखीस एकेरी आट्याचा वर्म गिअर लावला. मोटर थांबली तरी भाराने तो उलटा फिरत नाही. चरखीचे पितळी रीळ भोसरीच्या एका लेथवर कातून घेतले. गाड्यांच्या सुट्या भागांचे काम थांबवून कारागिराने ते दिले. मजुरी मात्र घेईना. “काका, बोट तरंगली की दाखवा,” एवढेच म्हणाला.