यास बेटावरचा एक दिवस

दिवाळीच्या सुटीत आम्ही अबुधाबीला गेलो, ते खरं तर फिरायला नव्हे, धाकट्याला भेटायला. आमचा हा भाऊ सतरा वर्षांपासून तिकडे एसीच्या डक्टिंगचं काम करतो. आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक, एक उर्दू शाळेत, एक मराठी हायस्कूलमध्ये. आमच्यापैकी एकाच्या बी.एड.ची फी धाकट्याच्या पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून गेली. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, बोलून कोणी दाखवत नाही. या वेळी व्हिजिट व्हिसावर सहा जण निघालो. आम्ही दोघं, आठवीतली लेक, अम्मी, धाकट्याची बायको आणि त्याचा दुसरीतला मुलगा. हा मुलगा अब्बांना मोबाईलमध्ये रोज पाहतो, प्रत्यक्षात दोन वर्षांतून एकदा. विमानतळावर त्याने शिकवल्याप्रमाणे सलाम केला आणि जो आईच्या ओढणीमागे गेला तो चार दिवस बाहेर आलाच नाही.

रविवारी धाकट्याला सुटी. त्याने आम्हाला न विचारता सीवर्ल्डची तिकिटं काढून ठेवली होती. 2023 च्या मे महिन्यात ते उघडलं तेव्हापासून तो त्या रस्त्याने कितीदा गेला असेल, पण आत कधीच गेला नव्हता. अम्मींना कळल्यावर त्या म्हणाल्या, "समुद्र बघायला पैसे? आपल्या परसाच्या मागे फुकट आहे तो काय कमी आहे?" तिकीट केवढ्याचं हे विचारलं तर त्याने अर्धाच आकडा सांगितला. आम्ही गप्प राहिलो.

सकाळी निघालो. डबा गाडीतच संपवला, खिमा-पाव आणि अम्मींनी रत्नागिरीहून आणलेलं लोणचं. यास बेटावर एकाला लागून एक अशी मोठमोठी करमणुकीची ठिकाणं आहेत. सीवर्ल्डचा पसारा 1 लाख 83 हजार चौरस मीटरचा, आत पाच मजले, आणि जवळजवळ सगळंच छताखाली. बाहेर वाळवंटाचं ऊन असलं तरी आत गारवा. आम्ही दारातून आत गेलो तेव्हा सगळी माणसं पुढे पाहत होती आणि आमचा धाकटा वर छताकडे. "भाई, एवढ्या हॉलला किती टन लागत असेल, विचार करा," तो म्हणाला. आम्ही विचार केला, पण आम्हाला गणित जमलं नाही.

एका विभागात खुद्द अबुधाबीचा समुद्र आणि मोती काढणाऱ्यांची गोष्ट आहे. आमचा सर्वांत जास्त वेळ इथेच गेला. पुढे झुले आणि डॉल्फिन वाट पाहत होते म्हणून लेक कुरकुरली, पण शिक्षकांबरोबर सहलीला आल्यावर इलाज नसतो. तेल सापडण्याआधी या किनाऱ्याचं पोट मोत्यांवर होतं. उन्हाळ्यात साधारण चार महिने गलबतं शिंपल्यांच्या जागी उभी राहत. नाकाला कासवाच्या पाठीचा किंवा हाडाचा चिमटा, पायाला दगड, गळ्यात जाळीची पिशवी, एवढ्या सामानावर गव्वास, म्हणजे पाणबुड्या, खाली जाई. गलबतावर एक माणूस त्याच्या कमरेचा दोर धरून बसलेला असे, त्याला सैब म्हणत. खालून दोर हलला की वर ओढायचं. दिवसात कित्येक बुड्या. गलबताचा प्रमुख तो नाखुदा.

हा शब्द ऐकल्यावर अम्मींनी मान वर केली. आमच्या कोकणात नाखुदा हे आडनाव आहे, कोळी बांधवांत नाखवा म्हणतात. मूळ फारसी शब्द, नावेचा धनी अशा अर्थाचा. उर्दूच्या तासाला तो आम्ही कितीतरी वेळा समजावला असेल, पण आमचे सासरे-वडील, जे काही म्हणा, आयुष्यभर जहाजावर खलाशी होते आणि हा शब्द त्यांच्या तोंडी रोजचा होता, हे अम्मींनी आठवण करून दिली तेव्हा लक्षात आलं.

मोती इथले, पण बाजार मुंबईचा. तिथेच त्यांची पारख होई, प्रतवारी होई, भोकं पाडली जात, सर ओवले जात आणि मग युरोपात जाताना ते मुंबईचे मोती म्हणून जात. या किनाऱ्यावर चलनही हिंदुस्थानी रुपयाचं होतं. 1959 साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि तो अबुधाबीत 1966 पर्यंत चालला. लेकीला ही गोष्ट फार आवडली. "म्हणजे तेव्हा चाचूंना पैसे बदलून पाठवायला लागले नसते?" ती म्हणाली.

तेव्हाही चाचूंसारखीच माणसं होती. पाणबुड्याला हंगामाआधी उचल मिळे, ती घरी दाणापाणी भरून ठेवायला. हंगाम चांगला गेला तर उचल फिटे. नाही गेला तर कर्ज पुढच्या वर्षावर, आणि बाप गेला तर अनेकदा मुलाच्या डोक्यावर. मग जपानात मिकिमोतोने 1893 साली शिंपल्यात मोती वाढवून दाखवला, पुढे असे मोती बाजारात आले, त्यात जगभरची मंदी, आणि 1930 नंतर हा धंदा बसला. अबुधाबीतून तेल निर्यात व्हायला 1962 उजाडलं. मधली तीस वर्षं या लोकांनी कशी काढली असतील! धाकटा हे सगळं नीट ऐकत होता. त्याच्या व्हिसासाठी एजंटला द्यायला अम्मींच्या बांगड्या गेल्या होत्या. "माझी उचल दोन वर्षांत फिटली, अल्हम्दुलिल्लाह," एवढंच तो म्हणाला आणि पुढे चालू लागला. अम्मी मात्र दोर धरून बसणाऱ्या माणसाबद्दल पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. त्याला झोप आली तर?

जाता जाता लेकीला आणखी एक शोध लागला. लुलू हे तिच्या लेखी चार दिवसांपासून सुपरमार्केटचं नाव होतं. अरबीत लुलू म्हणजे मोती हे कळल्यावर ती थबकली आणि म्हणाली, "मग सूरह रहमानमधला लुलू हाच?" हाच. आणि त्याच्या शेजारचा मर्जान म्हणजे पोवळं. तिला अख्खी सूरह पाठ आहे, अर्थ कोणी विचारला नव्हता. दोष तिचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा.

जोहरच्या नमाजनंतर मोठ्या टाकीकडे गेलो. या भागाला एंडलेस ओशन म्हणतात. अडीच कोटी लिटर पाणी आणि 68 हजारांहून जास्त जीव. आमच्या गावात मे महिन्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो, त्या हिशेबाने अडीच हजार टँकर झाले. भिंतीएवढ्या काचेपलीकडे ते सगळं हलत असतं आणि समोर माणसं मशिदीत बसावीत तशी गप्प बसलेली असतात. गप्प नव्हत्या फक्त अम्मी. "ही मुशी. हे पाकट, पण केवढं! हा गोबरा." धाकटा म्हणाला, "अम्मी, याला इथे हामूर म्हणतात, बाजारात महाग आहे." मग दोघांचं कालवणात कोकम किती यावर सुरू झालं. ते पाकट म्हणजे मांटा रे. पंख पसरून अगदी जवळून गेलं. आपल्याकडच्या पाकटासारखा शेपटीला विषारी काटा त्याला नसतो. तोंड उघडं ठेवून पाण्यातले बारीक जीव गाळून खातं.

तेवढ्यात पुढे गर्दी झाली. पुतण्याला काही दिसेना. तो आधी आईकडे वळला, पण आई अम्मींना धरून होती. मग त्याने अब्बांचा शर्ट ओढला. धाकट्याने त्याला खांद्यावर घेतलं. दोघंही काही बोलले नाहीत. त्यानंतर पोर खाली उतरायलाच तयार नव्हतं, पेंग्विन, वॉलरस, सगळं त्याने खांद्यावरून पाहिलं. पेंग्विन आम्ही भायखळ्याच्या राणीच्या बागेत पाहिले होते, पण ते हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. बर्फातले पहिल्यांदाच पाहिले. सी-लायनला बाहेरून कान दिसतात आणि तो पुढच्या वल्ह्यांवर चालतो, सीलला दोन्ही जमत नाही, हे आम्ही सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

डॉल्फिन पाण्याबाहेर उडाले तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवल्या. लेकीने मात्र विचारलं, "यांना समुद्र माहीत आहे का?" खोटं कशाला सांगा, टाळ्या वाजवताना बरं वाटत होतं आणि या प्रश्नावर अवघडल्यासारखं झालं. भारतात 2013 पासून असे डॉल्फिनचे तलाव काढायला परवानगी नाही. अमेरिकेत 1964 साली सुरू झालेलं सीवर्ल्ड ज्या ऑर्कांसाठी गाजलं, त्यांच्यावरूनच पुढे मोठा वाद झाला. 2010 मध्ये ऑर्लँडोत एका ऑर्काने प्रशिक्षिकेचा जीव घेतला. 2016 मध्ये कंपनीने ऑर्कांची पैदास थांबवत असल्याचं जाहीर केलं. अबुधाबीच्या बागेत ऑर्का मुळीच ठेवलेला नाही. जखमी सागरी प्राण्यांवर उपचार करणारं केंद्रही शेजारी आहे. हे सगळं आम्ही लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "पण डॉल्फिन आहेत ना." आमच्याकडे उत्तर नव्हतं. गुहागर-दापोलीकडे होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतात, कधी दिसतात, कधी नाही. ते बरं, असं आमच्या दोघांपैकी एकाचं मत. दुसऱ्याचं म्हणणं, होड्या त्यांच्या मागे इंजिनं लावून धावतात ते तरी कुठे बरं? हा वाद घरी परत आल्यावरही मिटलेला नाही.

मांटा नावाच्या मोठ्या झुल्यावर लेक आणि तिची चाची बसून आल्या. चाची, जी गावात रिक्षातही डोळे मिटून बसते, ती खाली उतरून म्हणाली, पुन्हा जाऊ.

परतताना पुतण्या अब्बांच्या मांडीवर झोपला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला धाकट्याची कामाची बस होती.

सुटीनंतर पुतण्याच्या बाईंनी वर्गात 'मी सुटीत काय पाहिले' यावर पाच वाक्यं लिहायला सांगितली. वही आमच्याकडे तपासायला आली नव्हती, त्याच्या आईने दाखवायला आणली. त्याने तीनच लिहिली होती. "तिथे मोठे मासे होते. वर छताला मोठे पाईप होते. तसले पाईप माझे अब्बा लावतात."