कानशीखालचा सूर

गिटारच्या तारा खुंट्यांवरून सुटल्या की पहिल्यांदा टेकतात त्या नटवर. दांडीच्या टोकाला बसवलेली ही हाडाची, पितळेची किंवा प्लास्टिकची अरुंद पट्टी. तिच्यात सहा खाचा आणि प्रत्येक खाचेत एक तार. मोकळ्या तारेचा स्वर इथे सुरू होतो आणि पोटावरच्या घोडीवर संपतो. मधल्या दांडीवर रोवलेल्या धातूच्या आडव्या कांबी म्हणजे फ्रेट. फ्रेटच्या मागे बोट दाबले की तेवढ्यापुरता तो फ्रेटच नटचे काम करतो, तारेची लांबी घटते आणि स्वर चढतो.

फ्रेटमधली अंतरे गणिताने ठरतात. सप्तकाचे बारा समान भाग पाडायचे, तर उरलेली लांबी दरवेळी 17.817 ने भागून पुढचा फ्रेट रोवायचा. 650 मिलिमीटरच्या तारेवर पहिला फ्रेट नटपासून सुमारे 36.5 मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, 325 वर. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी 1581 च्या आपल्या ग्रंथात यासाठी 18 हा सोपा भाजक दिला होता. आज साध्या गिटारवरही ही अंतरे यंत्राने नेमकी पडतात. नटच्या उंचीचे मात्र तसे नाही. खाच जास्त खोल गेली तर तार पहिल्या फ्रेटवर आपटून खरखरते आणि वाद्य दुकानातच परत येते. खाच उथळ राहिली तर वाद्य वाजते, फक्त बोटांना छळते. म्हणून कारखान्यातून निघालेल्या स्वस्त गिटारचा नट बहुधा उंचच असतो.

याचा फटका बसतो नवशिक्याला. नटजवळ तार सर्वांत ताठ असते. पहिल्या फ्रेटवर ती दाबायला गरजेपेक्षा जास्त खाली न्यावी लागली, तर बोटाला काचते आणि वरून ताण वाढून स्वरही चढा निघतो. मोकळ्या तारा अचूक मिळवलेल्या असूनही पहिल्या तीन फ्रेटांवरचे कॉर्ड बेसूर लागतात. एफ मेजर या कॉर्डसाठी तर्जनी पहिल्या फ्रेटवर आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या असतात. या कॉर्डपाशी कितीतरी मुले गिटार कपाटावर ठेवून देतात आणि दोष आपल्या बोटांना देतात. तो दोष अनेकदा नटचा असतो. खात्री करणे सोपे आहे: पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावायचा. वाद्य एकदम हलके आणि सुरेल वाटू लागले, तर नट उंच आहे यात शंका नाही.

उंच नट कानशीने उतरवावा लागतो. तारेखालची उंची अशी कानशीने घडवण्याची महाराष्ट्रातली नामांकित परंपरा मिरजेची. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगार घराण्यातले, शस्त्रांना धार लावणारे हात तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांचे नाव त्यात अग्रभागी आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागानुसार ते सरकवता येतात. तिच्या घोडीचा माथा कारागीर कानशीने इतका अलगद उतरता करतो, की कंप पावणारी तार त्याला पुन्हा पुन्हा चाटून जाते. हीच जवारी, तारेतला झंकार तिच्यातून येतो. गिटारला हा झंकार वर्ज्य आहे. कानस तीच, कान तोच, पण इथे तार स्पर्शातून मोकळी करायची असते. उलट वाटेनेही काही जण गेले. मांडीवर आडव्या ठेवून धातूच्या कांडीने वाजवायच्या हवाईयन गिटारमध्ये नट मुद्दाम उंच करतात. तारा फ्रेटांपासून दूर जातात आणि फ्रेट केवळ खुणेपुरते उरतात. ब्रिजभूषण काब्रा यांनी अशाच गिटारवर रागसंगीत मांडले; 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ते ऐकू येते.

वऱ्हाडातल्या वरूडमध्ये या कामात आणखी एक वाटेकरी असतो, तो म्हणजे हवा. सातपुड्याच्या पायथ्याचा हा संत्र्यांचा मुलूख. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे झुकतो, मृग बहारासाठी बागांचे पाणी तोडलेले असते, आणि जुलैत तीच हवा ओलीचिंब होते. गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आडवे आकसते, लांबीत जवळजवळ नाही. धातूचा फ्रेट तर आकसतच नाही. मग दांडीच्या कडेने फ्रेटची टोके बाहेर येतात आणि हात सरकवताना काट्यासारखी टोचतात. दांडीची पट्टी बहुधा शिसवाची असते. ब्राझीलच्या शिसवावर 1992 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी आली; भारतीय शिसवाला जगभरच्या गिटारवर मोठी जागा आहे. आपल्याच मातीतले म्हणून ते उन्हाळ्यात आकसायचे मात्र थांबत नाही. पट्टी सुकली की दांडी मागे झुकते, गिटारचे पोट बसते, तारा खाली येऊन खरखरतात. पावसाळ्यात सगळे उलट: पोट फुगते, तारा वर चढतात. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे खंजिरी या भागात घरोघरी ओळखीची; तिचे चामडे पावसात सैल पडते, हे भजनी मंडळांना सांगावे लागत नाही. गिटारचे लाकूडही तितकेच हळवे आहे, फक्त ते हळूहळू बदलते. वऱ्हाडातल्या घरांत उन्हाळाभर चालणारा कूलर खोलीत ओलावा आणतो खरा. पण वाद्य थेट त्याच्या झोतात ठेवले तर दिवसा भिजणे आणि कूलर बंद झाला की सुकणे असा फेरा सुरू होतो. त्यापेक्षा बंद पेटी आणि तिच्यात ओलसर स्पंज घातलेली, छिद्रे पाडलेली डबी बरी.

म्हणूनच कानस हाती घेण्याआधी दांडी पाहावी. दांडीच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांनी 1920 च्या दशकाच्या आरंभी तिचे पेटंट मिळवले. एल-कीने ती फिरवली की दांडीचा बाक बदलतो. एकच तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबली, तर सातव्या फ्रेटपाशी 0.1 ते 0.3 मिलिमीटर फट हवी. मोजायला गॅरेजमधला फिलर गेज पुरतो. ऋतू पालटला की बदलायचा तो हा बाक. नट आणि फ्रेट घासायचे नाहीत, कारण घासलेले परत येत नाही. घासकाम करायचेच तर ते ऐन मे किंवा ऐन जुलैत न करता दिवाळीनंतरच्या सौम्य हवेत करावे.

त्यानंतर फ्रेट. तीन फ्रेटांवर टेकेल एवढी सरळ पोलादी पट्टी ठेवायची. ती डुगडुगली तर मधला फ्रेट उंच. उचकटलेला असेल तर आधी नायलॉनच्या हातोडीने बसवून पाहावा. सगळीकडेच चढउतार असतील तर तारा काढायच्या, दांडी सरळ करायची, लाकडावर मास्किंग टेप लावायची आणि प्रत्येक फ्रेटचा माथा मार्करने काळा करायचा. लांब सपाट ठोकळ्याला पॉलिश पेपर चिकटवून तो दांडीच्या लांबीने फिरवला की उंच माथे आधी उजळतात, खोलगट काळे राहतात. शेवटचा काळा डाग पुसला गेला की थांबायचे. सपाट झालेल्या माथ्यांना खोलगट कानशीने पुन्हा गोलाई द्यायची, नाहीतर तार रुंद पट्टीवर टेकून स्वर अंधूक होतो. मग बारीक होत जाणारा पॉलिश पेपर, शेवटी स्टील वूल. इलेक्ट्रिक गिटार असेल तर तारांचा कंप टिपणारे पिकअप आधी झाकावेत; त्यांचे चुंबक लोखंडी तंतू ओढून घेतात. बाहेर आलेली टोके याच वेळी तिरकी घासून गोल करावीत.

नटची पाळी फ्रेटनंतरच, कारण त्याची उंची फ्रेटच्या माथ्यांवरून ठरते. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते पाहायचे. बारीक तारेखाली साध्या कागदाएवढी, म्हणजे 0.1 मिलिमीटरच्या आसपास, जाड तारेखाली थोडी जास्त. खाच तारेपेक्षा किंचितच रुंद असावी आणि तिचा तळ खुंट्यांच्या दिशेने उतरता असावा, म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवरूनच सुटेल. तळ सपाट राहिला तर तार सतारीसारखी झंकारते: नको तिथे आलेली जवारी. कानशीचे दोन-चार हात फिरवायचे, तार बसवायची, सुरात आणायची, पुन्हा मोजायचे. घाई इथे सर्वांत महाग पडते. खाच खोल गेलीच तर हाडाची पूड आणि फेव्हिक्विकने भरता येते. पण ती डागडुजी होय, हाडाचा नवा नट अधिक टिकाऊ. तार पिळताना टिचकीसारखा आवाज आला तर ती खाचेत अडकते आहे. तिथे पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते.

शेवटी घोडी. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अकूस्टिक गिटारला सुमारे 2.5 मिलिमीटर अंतर ठीक; ते अर्ध्या मिलिमीटरने कमी करायचे तर घोडीवरचे हाड एक मिलिमीटर उतरवावे लागते. नंतर प्रत्येक तारेवर एकेक फ्रेट सावकाश वाजवून पाहायचा. फ्रेट साधारण एक मिलिमीटर उंच असतात आणि दर समतलीकरणात थोडे झिजतात, त्यामुळे हे काम एका संचावर मोजक्याच वेळा होते. पुढे नवे फ्रेट बसवावे लागतात, आणि ते जुन्यांपेक्षा उंच असल्याने त्यांच्याबरोबर नटही नवा घालावा लागतो.