अकोल्याहून चिखलदरा : कोणत्या वाटेनं जाल?

दिवाळी संपून फराळाचे डबे तळाला गेले, की आमच्या ह्यांना प्रवासाची हुक्की येते. अकोल्याहून दोन दिवसांत जाऊन यायचं म्हणजे चिखलदरा, हे ठरलेलंच. तुमच्या घरी काही वेगळं नसेल. जायचं कुठं याची चर्चा सगळे मिळून करतात. कोणत्या वाटेनं जायचं हे मात्र गाडी चालवणारा ठरवतो. आपण मागच्या सीटवर डबे, पाण्याच्या बाटल्या आणि मुलांची भांडणं सांभाळायची. गेल्या वेळी मी पहिल्यांदाच त्यात तोंड घातलं.

त्याला कारण सासूबाई. वय चौऱ्याहत्तर. त्यांचं माहेर अकोट तालुक्यातलं, सातपुड्याच्या अगदी पायथ्याचं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी धारगडला महादेवाची यात्रा भरते. लहानपणी त्यांचे वडील दरसाल जात. ‘पुढच्या साली तुले नेतो’ म्हणत. पुढचं साल काही आलं नाही, लग्नच झालं. निघण्याच्या आदल्या रात्री शेव-चिवडा बांधताना त्या सहज म्हणाल्या, ‘‘पोरी, साऱ्या जलमभर तो डोंगर आंगनातून पायला. वर काय हाय ते काई पायलं नाई.’’

ह्यांनी तर हायवेचा बेत केला होता. मूर्तिजापूरवरून अमरावती, तिथून वलगाव, आसेगाव, परतवाडा आणि वर. वाट सुखाची आहे, खोटं कशाला बोलू? जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आमचे हे ते अशा थाटात सांगतात, की जणू रोलर स्वतःच फिरवला! लहान मूल बरोबर असेल, किंवा अंबादेवीची ओटी भरायची राहिली असेल, तर तुम्ही खुशाल याच वाटेनं जा. पण डोंगर दिसतो तो परतवाड्याजवळ. तोवर ट्रकच ट्रक.

दुसरी वाट अकोल्याहून सरळ उत्तरेला अकोट, आणि तिथून डोंगर डाव्या हाताला ठेवून अंजनगाव, परतवाडा. रस्ता तितका चांगला नाही, वेळही जास्त लागतो. ‘‘दोन तास फुकट जातील,’’ हे म्हणाले. मुलाला वाघ पाहायचा होता, तो फुगून बसला. मी म्हटलं, वाघ काय, पुढच्या वर्षीही दिसेल. आणि जीभ चावली. पुढच्या वर्षीच्या भरवशावरच तर इतकी वर्षं गेली होती. ह्यांनाही ते लागलं असावं. काही न बोलता त्यांनी पहाटे गाडी अकोटच्या रस्त्याला घातली.

अकोट सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. मधे पूर्णा नदी लागते. हा सगळा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, कपाशी पहावी तर खांद्याला लागेल अशी, पण विहिरीचं पाणी खारट. तेव्हा पाणी घरूनच भरून घ्या, चहाला लागेल तेही. नोव्हेंबरात दोन्ही बाजूंना बोंडं फुटलेली असतात, तुरीला पिवळा फुलोरा असतो.

अकोटहून पोपटखेडकडे वळलं की शहानूर गाव आणि वर नरनाळा. फाटकावर नोंद करून, वनखात्याचा वाटाड्या घेऊन जीपनं वर गेलो. गड म्हणजे एक नाही, तीन गड आहेत : मधे नरनाळा, पूर्वेला जाफराबाद, पश्चिमेला तेलियागड. महाकाली दरवाजावरचं कोरीव काम पाहून आपल्याला पैठणीचे काठ आठवतात. सासूबाईंनी मात्र दरवाजाकडे फारसं पाहिलं नाही. त्या तटाच्या कडेला उभ्या राहून खाली माहेरचं गाव शोधत होत्या. ऊन वर आलं होतं, खाली नुसता धुरकट पट्टा. बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, ‘‘तिथूनच दिसते वो हा डोंगर. इथून आपलं गाव काई दिसत नाई.’’ आणि हसल्या. मला वाटलं होतं रडतील.

ह्यांच्या दोन तासांचे तीन झाले, ते सांगायलाच हवं. जेवण अंजनगावच्या अलीकडे झाडाखाली उरकलं. हे अंजनगाव सुर्जी म्हणजे मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकातलं. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोल्याकडच्या अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीनं गाविलगड घेतला आणि ३० डिसेंबरला इथं शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. एका महिन्यात सगळा खेळ आटोपला. मुलाला हे सांगितलं तेव्हा कुठं त्याचा फुगा उतरला.

परतवाड्यापुढं पुन्हा दोन वाटा आहेत, आणि इथं मात्र नीट ऐका, बरं का. धामणगाव गढीवरून जाणारा घाट जवळचा. तास-सव्वा तासात चिखलदरा येतं. दुसरी वाट घटांग-सेमाडोहवरून, अरण्यातून फिरून येते. आम्ही घाटानं चढलो आणि जंगलातून उतरलो. तुम्हीही तसंच करा. संध्याकाळी पोचायचं तर जवळचा घाट बरा, आणि अंधारात जंगल ओलांडायची वेळ येत नाही. सासूबाईंना दोन वळणांतच मळमळायला लागलं. मी निघताना अंजनगावला त्यांना पोटभर दहीभात वाढला होता, चूक माझीच. घाट चढायच्या आधी दही-दूध नको. सुंठ-साखरेची गोळी तोंडात ठेवायची, म्हाताऱ्या माणसाला पुढं बसवायचं आणि समोरच्या रस्त्याकडे बघायला सांगायचं. दोनदा गाडी थांबवली.

चिखलदऱ्याचं काय सांगू? सुमारे ३,६०० फुटांवर आहे, तिथं कॉफी होते, भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं ते हेच ठिकाण, असं म्हणतात. रात्री थंडी चांगलीच पडते, शाल नाही, रग घ्या. गाविलगड आणि देवी पॉइंट पाहिला, पंचबोलला मुलं घसा बसेतो ओरडली.

पण मला विचाराल तर खरी गोडी परतीच्या वाटेत आहे. सकाळी लवकर सेमाडोहकडे निघालो. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी, १९७४ सालचा. गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याच्याच पोटात. साग उंच, खाली सिपना नदी. कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागच. ही कोरकू आपल्या मराठीची कुणी नव्हे. तिचं नातं तिकडं झारखंडच्या मुंडारीशी. कोरकू बाया डोक्यावर मोळ्या घेऊन एका रांगेत चालल्या होत्या. सासूबाईंनी काच खाली करून हात केला, त्यांनीही केला. वाघ दिसला नाही. दोन रानगवे दिसले, मुलानं तेवढ्यावर समाधान मानलं. सेमाडोहला रबडी खाल्ली, द्रोणातली, घट्ट, फार गोड नसलेली. घरी तशी होत नाही. मी दोनदा करून पाहिली.

सेमाडोह ते परतवाडा साधारण पन्नास किलोमीटर आहे. दुपारीच निघा. गाडीतून उतरून आत शिरू नका, उरलेलं अन्न आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या परत आणा. वनखात्याच्या नाक्यावर वेळा विचारून घ्या, त्या बदलत असतात.

परतवाड्याहून मात्र ह्यांच्या हायवेनं आलो. सगळे झोपले होते, रस्ता गुळगुळीत होता, आणि त्याबद्दल मी काही बोलले नाही.

आता सासूबाईंनी नवीनच काढलं आहे. श्रावणातला तिसरा सोमवार कधी येतो ते त्यांनी कॅलेंडरवर पाहून ठेवलं आहे. ह्यांनी अजून होकार दिलेला नाही.