बांधीचा तळ

आषाढ लागला की खैरलांजीच्या डांबरी रस्त्यावर लोखंडाचा कडकडाट सुरू होतो. ट्रॅक्टरची मागची टायरं काढून त्या जागी जाळीची लोखंडी चाकं चढवलेली असतात, आणि त्यांचे अँगल रस्ता उखडत पुढं जातात. घरात बसलेली माणसं बाहेर न डोकावता सांगतात, अमक्याची रोवणी लागली. आमच्या लहानपणी ही बातमी पहाटेच्या अंधारात घुंगरमाळांवरून कळायची, आणि कोणाची जोडी निघाली तेही त्यावरूनच ओळखू यायचं.

आमचं खैरलांजी बालाघाट जिल्ह्यातलं. एकीकडे वैनगंगा, दुसरीकडे बावनथडी, आणि दोन्ही नद्यांच्या पलीकडे महाराष्ट्र. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकी, बाजार आणि धानाची शेती यांनी ती रेघ कधी मानली नाही. पऱ्हे (रोपं), रोवणी (लावणी), बांधी (बांध घातलेलं धानाचं शेत), पुंजणं (भाऱ्यांची गंजी), तणस (धानाचा पेंढा) हे शब्द तिरोड्याला जसे, तसेच आमच्याकडे. मातीची नावंही तीच: कन्हार, मोरंड, सिहार, बरडी. कन्हार काळी आणि चिकट, पाय धरला की सोडत नाही. सिहार हलकी, पाणी लवकर सोडणारी. धानाचा माणूस जमीन विकत घेताना आधी हे विचारतो आणि भाव नंतर.

आमच्या लहानपणी चिखलणी बैलांनी व्हायची, आणि खोल बांध्यांत हल्यांनी. हल्या म्हणजे रेडा. बैलापेक्षा मंद, पण पाण्यात खूष आणि गाळात निर्धास्त. त्याचा खूर दुभंगलेला असतो. दाब पडला की दोन्ही फाळ्या फाकतात आणि पायाखाली जास्त जागा धरतात. पाय वर ओढताना त्या मिटतात, त्यामुळे चिखल पाय ओढून धरत नाही. चिखलात चालण्यासाठी याहून चांगली रचना मी अजून कुठल्या यंत्रात पाहिलेली नाही.

चिखलणी म्हणजे नुसता चिखल करणं नव्हे. उभ्या पाण्यात माती इतकी घोटायची की तिचे बारीक कण खाली बसून छिद्रं बुजतात आणि पाणी झिरपणं थांबतं. नांगर दरवर्षी त्याच खोलीपर्यंत जातो, जनावरांचे खूर त्याच पातळीवर टेकतात, आणि त्याखाली कडक थर तयार होतो. तोच बांधीचा तळ. हा तळ आज्या-पणज्यांनी घडवलेला असतो, बांधाच्या पाळीइतकाच. त्याच्यावर पाणी उभं राहतं, बैल उभा राहतो, माणूसही उभा राहतो.

नांगऱ्या अनवाणी असायचा आणि त्याच्या तळव्यांना सगळी बांधी पाठ असायची. कोणत्या कोपऱ्यात झरा आहे, कुठे तळ फुटलाय, जुनी विहीर कुठे बुजवली आहे, हे तो जोडी हाकता हाकता ओळखायचा. ‘‘त्या अंगाला नको जाऊ गा, तिथे कंबरभर आहे,’’ असं पाळीवरून ओरडून सांगणारी माणसं मला अजून आठवतात. तलावाच्या पाळीखालच्या बांध्यांत जोडी फसलीच तर शेजारची जोडी पुढं जुंपायची, चार माणसांनी खांदा द्यायचा. त्या मदतीची मजुरी कोणी मागत नसे. आज तुझी जोडी, उद्या माझी, एवढाच हिशेब.

मग ट्रॅक्टर आले. उन्हाळी नांगरटीला ते उत्तम होते, आणि बैलांचे हाल कमी झाले याचा मला मनापासून आनंद आहे. पण पाणी भरलेल्या बांधीत ट्रॅक्टर हतबल व्हायचा. मागचं टायर १३.६-२८ मापाचं, म्हणजे रुंदी १३.६ इंच आणि रिमचा व्यास २८ इंच. पावणेदोन-दोन टनांचं यंत्र एवढ्याशा टेकूवर उभं. टायरच्या नक्षीत कन्हार भरली की ते गुळगुळीत लोण्यासारखं फिरायचं, जागच्या जागी खड्डा करायचं आणि पोटावर बसायचं. तेव्हा एक भयंकर उपाय रूढ झाला होता. मागच्या चाकांना आडवं लाकूड बांधायचं आणि गिअर टाकायचा. लाकूड चाकाखाली अडकलं की चाक फिरू शकत नाही, मग फिरतो तो ट्रॅक्टरच. पुढचा भाग उचलला जातो आणि यंत्र मागं उलटून चालकावर येतं. अशा अपघातांत किती घरांतली कर्ती माणसं गेली. आजही कोणी हे करताना दिसलं तर त्याला थांबवावं.

खरं उत्तर आलं वेल्डिंगच्या दुकानांतून. केजव्हील ज्याला म्हणतात ते चाक पूर्वी मोठ्या कारखान्यातून कमी आणि तालुक्याच्या कारागिराकडून जास्त यायचं, आणि अजूनही पुष्कळ येतं. लोखंडी पट्टी वाकवून दोन-तीन कडी करायची, ती समांतर ठेवून मधे आडवे अँगल वेल्ड करायचे, आणि रिमच्या छिद्रांना जुळणारी तबकडी आत बसवायची. अर्धं केजव्हील टायर न काढता बाहेरून बोल्टांनी जोडतात. पूर्ण केजव्हीलसाठी टायरच उतरवतात.

दुकानातला कारागीर पहिला प्रश्न ट्रॅक्टरबद्दल करत नाही, जमिनीबद्दल करतो. ‘‘भाऊ, कन्हार का सिहार?’’ कन्हार असेल तर तो अँगलमधलं अंतर वाढवतो, नाहीतर मधे गाळ भरून जाळीचं एक गोल लोखंडी पिंप होतं. सिहार असेल तर जवळ जवळ लावतो. अँगल किती तिरपा ठेवायचा हेही तो डोळ्यानेच ठरवतो. फार उभा ठेवला तर पकड जबर, पण चाक खणत खाली जातं. फार आडवा ठेवला तर चाक तरंगतं, पण घसरतं. हिरव्या काचेमागून तो ठिणग्यांकडे पाहत असतो तेव्हा त्याच्या डोक्यात खैरलांजीच्या आसपासची प्रत्येक शिवार असतं. ही विद्या त्याला कोणी वर्गात शिकवलेली नाही, आणि तिचा मान आपण पुरेसा ठेवला नाही असं मला वाटतं.

हेच कोडं जगात इतरत्रही लोकांनी सोडवलेलं आहे. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या नदीमुखाची माती मऊ आणि दलदलीची. बेंजामिन होल्ट नावाचा कारखानदार तिथल्या शेतकऱ्यांसाठी वाफेचे ट्रॅक्टर बनवायचा. ते रुतायला लागले म्हणून त्याने चाकं रुंद केली, मग आणखी रुंद केली, इतकी की एक यंत्र ४६ फूट रुंद झालं. शेवटी नोव्हेंबर १९०४ मध्ये त्याने मागची चाकं काढून त्या जागी फिरता लांब पट्टा बसवला, आणि यंत्र दलदलीवरून चालत गेलं. पुढे रणगाड्यांपासून बुलडोझरपर्यंत सगळीकडे दिसणाऱ्या पट्ट्यातलं एक महत्त्वाचं पाऊल असं चिखलातल्या शेतासाठी पडलं.

रुंदी सोडून लांबीकडे का वळायचं, याचं कारण बांधीत उभं राहिलं की कळतं. रुंद चाकाला तेवढाच रुंद गाळ पुढं ढकलत न्यावा लागतो आणि इंजिनाची ताकद त्यातच जाते. लांब पट्टा पुढच्या टोकाने एकदा वाट दाबतो आणि बाकीचा भाग त्याच दाबलेल्या वाटेवरून येतो. टेकू वाढतो, अडथळा मात्र तेवढाच राहतो.

बर्फातल्या माणसांनीही हाच धडा गिरवला. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जोझेफ-आर्मांद बोंबार्दिये या मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात वारला, कारण बर्फाने रस्ते बुजले होते आणि इस्पितळ गाठता आलं नाही. बोंबार्दियेने १९३७ मध्ये पट्ट्यावर चालणारी, सात माणसं बसतील अशी बर्फगाडी विकायला आणली आणि १९५९ मध्ये एकट्या-दुकट्याने चालवायची छोटी स्नोमोबाइल. आपलं सैन्य सियाचिनमध्ये अशाच स्नो स्कूटर वापरतं. कॅनडातले हौशी चालक या गाडीचा पट्टा बदलून लांब करतात. ठोकलेल्या वाटेवर १२१ किंवा १३७ इंचांचा पट्टा पुरतो. डोंगरातल्या भुसभुशीत बर्फासाठी ते १५५, १६५, अगदी १७४ इंचांचा घालतात, त्यावर तीन इंच उंचीचे रबरी दात असतात. मग पट्टा ज्यांवरून सरकतो ते खालचे रूळही लांबवावे लागतात, गिअरचं प्रमाण बदलावं लागतं, आणि गाडी वळायला जड होते. दात फार उंच झाले की तीही जागीच खंदक खणते. हे वाचताना मला आमच्या वेल्डिंगवाल्याचे तिरपे अँगल आठवले.

आमच्याकडे लांब पट्टा पोहोचला तो कापणीच्या वेळी. आधी पंजाबकडून चाकांचे हार्वेस्टर यायचे. परतीचा पाऊस झाला की ते बांधीत खोल चाकोऱ्या पाडत फिरायचे, आणि जिथे पाणी उभं असे तिथे जायलाच नकार द्यायचे. आता लोक चेनचं हार्वेस्टर मागवतात. त्याला चाकांऐवजी रबराचे रुंद लांब पट्टे असतात. रस्त्यावर ते चालत नाही, ट्रकवर चढवून आणावं लागतं. पण ओल्या बांधीत ते अलगद उतरतं, मागे सपाट पाऊलवाट सोडतं, आणि सकाळी उभा असलेला धान दुपारी पोत्यात असतो. पूर्वी कापणी, भारे डोक्यावर वाहणं, पुंजणं रचणं, मग बैलांच्या पायांखाली चुरणा, असं ते काम दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पुरायचं. बायांच्या मानेवर भाऱ्यांनी पडलेले वळ मी पाहिले आहेत, त्यामुळे त्या दिवसांकडे परत जावं असं मी म्हणणार नाही.

जे हरवलं ते दुसरीकडे आहे. धान कापायच्या दोन-तीन आठवडे आधी, उभ्या पिकातच ओलीवर लाखोरीच्या डाळीचं बी फेकायची आमची जुनी रीत. धान निघेपर्यंत लाखोरी बोटभर उगवलेली असायची, आणि कापणारी माणसं पाय जपून टाकायची. उरलेल्या ओलीवर दुसरं पीक फुकटात मिळायचं. चेनचं हार्वेस्टर सरळ जातं तिथे लाखोरी दबते आणि पुष्कळदा पुन्हा उभी राहते. पण ते जिथे जागच्या जागी वळतं, तिथे पट्टा माती खरवडून रोपं मुळासकट लोळवतो. तणसही बारीक होऊन विखुरतं, गुरांसाठी रचून ठेवायला काही उरत नाही. गुरंच कमी झाली तेव्हा तणसाची काळजी कोण करतो, असंही लोक म्हणतात, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

याहून मोठी गोष्ट तळाची. बर्फ दरवर्षी नवा पडतो. गेल्या वर्षी त्यात कोणी किती खोल खणलं याची खूण पुढच्या हिवाळ्यात राहत नाही. बांधीचं तसं नाही. जड ट्रॅक्टरचं केजव्हील बैलांच्या खुरांपेक्षा खोल जातं आणि वर्षानुवर्षांचा कडक थर फोडत राहतं. मऊ गाळ दर रोवणीला थोडा खाली सरकतो. मग पुढच्या वर्षी तोच ट्रॅक्टर जास्त रुततो, म्हणून मोठं केजव्हील, जास्त घोड्यांचा ट्रॅक्टर, आणि तो आणखी खोल जातो. पाणीही पूर्वीसारखं धरून राहत नाही. ज्या बांधीत एक भरण चार-पाच दिवस टिकायचं, तिथे आता तलावाच्या पाण्यासाठी पाळीवर भांडणं होतात.

याची किंमत सगळ्यात आधी बाया मोजतात, कारण आमच्याकडे रोवणी अजून बहुतेक हातानेच होते. ज्या बांधीत माझ्या आईच्या पोटरीपर्यंत गाळ यायचा, तिथे आजच्या बाया गुडघ्यापर्यंत रुततात. एक पाय उपसून दुसरा टाकताना कंबर मोडते, रोवणीची गाणी अर्ध्या ओळीत थांबतात. रोपही खोल जातं. धानाचं रोप दोन-तीन सेंटीमीटरवर लावलं तर चांगलं फुटतं, खोल गेलं तर फुटवे कमी येतात. चिन्नोरसारखा नाजूक धान तर हे अजिबात सोसत नाही, आणि बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याला भाव येण्याची आशा आहे.

म्हणून माझं सांगणं यंत्राच्या विरुद्ध नाही. ट्रॅक्टर हलका निवडावा, अँगल बुटके ठेवावेत, दोन पाळ्यांत काम होत असेल तर तिसरी घालू नये, आणि वरच्या बरडीच्या बांध्यांत जमेल तिथे आवत्या, म्हणजे थेट बी फेकून धान, पेरावा; मग चिखलणीच लागणार नाही. नांगरामागे चाललेली जी म्हातारी माणसं गावात उरली आहेत, त्यांना एकदा बांधीतून फिरवून आणावं आणि तळ कुठे फुटलाय हे विचारून घ्यावं. चालकाला ट्रॅक्टरच्या सीटवर बसून ते कळत नाही.

आमच्या घरी तलावाच्या पाळीखालच्या दोन बांध्या आता ट्रॅक्टरला बंद केल्या आहेत. गावात बैलजोडी फार थोड्या घरी आहे, त्यामुळे मिरगाच्या आधीच जाऊन सांगून ठेवावं लागतं, आणि दिवसाचे पैसे ट्रॅक्टरच्या तासांपेक्षा जास्त होतात. ते आम्ही देतो. गेल्या रोवणीला त्या दोन बांध्यांत बायांनी दुपारच्या आत रोप संपवलं, आणि शेजारच्यांनी जोडीवाल्याचा पत्ता विचारला.