एस. पी. रोडवरचा शनिवार

मूल परदेशी निघाले की घरात याद्यांचे राज्य सुरू होते. 2025 च्या ऑगस्टमध्ये आमच्या बेळगावच्या घरातही तेच चालले होते. मुलगी एम. एस. करायला जर्मनीत ड्रेस्डेनला निघाली होती, विषय जलविज्ञान. फ्रिजवर चिकटवलेल्या यादीत भाजणी होती, शेंगाचटणी होती, थंडीचे कपडे होते. सगळ्यांत खाली तिने पेन्सिलीने लिहिले होते : लॅपटॉप, चाळीस हजार.

आकडा तिनेच ठरवला होता. जर्मनीच्या व्हिसासाठी विद्यार्थ्याला तेव्हा वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच एका बंद खात्यात ठेवावे लागत. त्यातून महिन्याला 992 युरो हाती येत. ही रक्कम, विमान, विमा, सगळे कर्जातून उभे केलेले. तारण म्हणून घराची कागदपत्रे बँकेत गेली होती. हे मी तिला सांगितले नव्हते.

"तिथेच जाऊन घे की," असे काहींनी सुचवले. पण जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड या अक्षरांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात, शिवाय अभ्यासक्रम पहिल्याच आठवड्यापासून धावणार. बेळगावच्या दुकानांत तिला हवे तसे, म्हणजे वापरलेले पण दणकट मशीन, मोजकेच होते. तेव्हा बापलेकीने राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडली आणि शनिवारी सकाळी बेंगळूरला उतरलो. एस. पी. रोडवरची बरीच दुकाने रविवारी बंद असतात, म्हणून शनिवार.

स्टेशनावर क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांचे नाव आहे. त्यांना 1831 मध्ये आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिले. परक्या शहरात आपल्याच जिल्ह्यातला माणूस दारात उभा असल्यासारखे वाटते. मॅजेस्टिकहून मेट्रो घेतली की चिकपेट हे पहिले स्टेशन आणि के. आर. मार्केट दुसरे. तिथून टाऊन हॉलच्या दिशेने थोडे चालले की सादर पत्रप्पा रोड, म्हणजेच एस. पी. रोड.

हा सगळा भाग म्हणजे केंपेगौडांनी सोळाव्या शतकात वसवलेली जुनी पेठ. अरळेपेटेत कापूस, अक्किपेटेत तांदूळ, बळेपेटेत बांगड्या. आपली पेठ, त्यांची पेटे. 1638 नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हे मी सांगायला लागलो.

"बाबा, तास नंतर घ्या. आधी रॅमचं बघू," ती म्हणाली.

रस्ता अरुंद, वर विजेच्या तारांचे जाळे, खाली हातगाड्या. एका दुकानात नुसत्या वायरी, शेजारी नुसते पंखे, पलीकडे सुट्या कळांचे डबे. बिघडलेल्या मशीनचा कुठलाही अवयव इथे मिळेल असे वाटते. दुकानदार माणूस बघून कन्नड, हिंदी, मारवाडी, इंग्रजी बोलतात.

पहिल्या दुकानात मी घोळ केला. काचेतला नवा, चकचकीत लॅपटॉप आवडला. किंमत बासष्ट हजार. मी म्हटले, "घेऊन टाकू. पतसंस्थेतून वरचे काढतो." दुकानदार खोका काढायला वळला आणि मुलगी उठून सरळ बाहेर गेली.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात आम्ही बाय-टू कॉफी घेतली. बराच वेळ ती पेल्याकडे बघत होती. मग म्हणाली, "घराची कागदपत्रं बँकेत आहेत ना? आईच्या कपाटात पावती बघितली मी. आणखी बावीस हजार कशासाठी? मला दाखवायला मशीन नको, काम करायला पाहिजे."

मला राग आला. खरे तर लाज वाटली. मुलीला परदेशी पाठवताना हातात जुनी वस्तू द्यायची, हे मला बोचत होते. पण ते बोचणे माझे होते, गरज तिची होती. मी म्हटले, "बरं. आता तू बोल, मी पिशवी धरतो."

तिने वहीत गरजा लिहूनच आणल्या होत्या. नकाशे आणि पाण्याच्या प्रवाहाची मॉडेल चालवायची, म्हणून रॅम सोळा जीबी. साठवणीला फिरती तबकडी नको, एसएसडी हवी. आणि पुढे विंडोज 11 चालले पाहिजे. विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तेव्हा ती तारीख दोनच महिन्यांवर होती. त्यामुळे बाजारात जुनी मशीने स्वस्त झाली होती आणि तिथेच फसायची भीती होती.

तशी वेळ आलीच. एका दुकानात "आय-सेव्हन, टॉप मॉडेल" म्हणून एक मशीन अठ्ठावीस हजाराला समोर आले. आय-सेव्हन म्हणजे आय-फाइव्हपेक्षा भारी, एवढेच मला ठाऊक.

"इदु याव जनरेशन री?" तिने विचारले.

दुकानदार हसला. "निवु बेळगाव कडेयवरा?" आपल्या 'री'ने गाव सांगितले होते. जनरेशनचे उत्तर मात्र आले नाही. तिने स्वतःच सेटिंगमध्ये जाऊन बघितले. आय-सेव्हनच्या पुढच्या आकड्याची सुरुवात 6 ने होती, म्हणजे सहावी पिढी. इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच विंडोज 11 ला अधिकृत मान्यता आहे. खोक्यावरचे नाव मोठे, पण मशीन जुने. आम्ही नमस्कार करून निघालो.

चौथ्या दुकानात काम झाले. मोठ्या कंपन्यांतून भाडेमुदत संपून आलेले आणि साफसूफ करून पुन्हा विकायला ठेवलेले हे लॅपटॉप. बाजारात त्यांना रीफर्बिश्ड म्हणतात. आय-फाइव्ह, पण अकराव्या पिढीचा. काळा, जरा जाड, झाकणावर एक चरा. सांगितले चौतीस, ठरले एकतीस हजार, जीएसटीच्या बिलासह.

पैसे देण्याआधी तिने तासभर तपासणी केली. प्रत्येक कळ दाबली, प्रत्येक खाचेत पेनड्राइव्ह घातला, कॅमेरा आणि वायफाय लावून बघितले. बॅटरीचा अहवाल काढला. मूळ क्षमतेच्या निम्मीच उरली होती. तिने तो दाखवताच दुकानदाराने त्याच भावात दुसरी बॅटरी बसवून दिली. "सहा महिने वॉरंटी," तो म्हणाला. ती म्हणाली, "ड्रेस्डेनहून मी कशी येऊ? म्हणून आत्ताच बघते." त्यालाही हसू आले. नव्या मशीनचीसुद्धा वॉरंटी दुसऱ्या देशात चालेलच असे नसते. ती आधी विचारून घ्यावी.

चार्जरवर 100 ते 240 व्होल्ट लिहिलेले होते. जर्मनीत आपल्यासारखीच 230 व्होल्टची वीज आहे, फक्त पिनांचा आकार वेगळा. एक साधा अडॅप्टर पुरला. उरलेल्यातून अभ्यासाची दुसरी प्रत ठेवायला एक बाहेरची डिस्क घेतली. चार हजार वाचले, ते तिने माझ्या खिशात घातले.

घरी आल्यावर तिने त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड टाकले. तेव्हा मला एक नवल कळले. सरकारने ठरवलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत दोन्ही लिप्यांची अक्षरे त्याच त्या कळांवर आहेत. इंग्रजी के दाबले की देवनागरी क, भाषा बदलून तीच कळ दाबली की कन्नड क. एकदा बोटांना सवय झाली की दोन्ही येतात. आयुष्यभर दोन भाषांत राहिलो, पण हे मला ठाऊक नव्हते.

निघताना लॅपटॉप हातातल्या बॅगेत ठेवला. लिथियम बॅटरीची वस्तू विमानात जवळच बाळगावी. विमानतळावर दारातून आत जाताना खांद्यावर तीच काळी बॅग होती.

आता दर रविवारी दोन पत्रे येतात. एक माझ्या आईला मराठीत, एक गोकाकच्या अज्जीला कन्नडमध्ये. दोघींना पडद्यावर वाचता येत नाही, म्हणून मी ती मोठ्या अक्षरांत छापून देतो. मागच्या पत्रात आईला तिने लिहिले होते : झाकण उघडताना बिजागरी कुरकुरते, बाकी मशीन उत्तम आहे, बाबांना सांग.