खांद्यावरची पिशवी

पडशी ही वस्तु आतां पंढरीच्या वाटेवर दिसली तर दिसते. एक लांब कापड, त्याच्या दोन टोकांस दोन कप्पे. मधला भाग खांद्यावर टाकला कीं एक कप्पा छातीवर येतो, दुसरा पाठीवर जातो, आणि पुढचें ओझें मागच्यास तोलून धरतें. ज्या कोणीं ही युक्ति प्रथम काढली त्यास माणसाच्या कण्याची चांगली जाण असली पाहिजे. हल्लींच्या खांद्यावरच्या पिशव्यांत कप्पे दोनांऐवजीं बारा असतात, पण सारें ओझें एकाच कुशीस लोंबतें. कॅमेरा आणि लॅपटॉप बरोबर नेतां येईल अशी पिशवी शोधीत आम्ही गेले दोन महिने दुकानें पालथीं घालीत आहों, आणि हें काम वाचकांस वाटेल तितकें किरकोळ नाहीं.

आमची पुतणी लग्नामुंजींचे फोटो काढते. हा व्यवसाय तिनें स्वतःच्या हिमतीवर उभा केला आहे. आमच्या मातुःश्रींचा त्यास प्रथम विरोध होता, तो पहिल्या कमाईंतून आलेल्या साडीनें मावळला. परंतु गेल्या लग्नसराईंत मुलीच्या उजव्या खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्या येऊं लागल्या. डॉक्टरांनीं औषध थोडें दिलें व प्रश्न फार विचारले: पिशवी किती वजनाची, कोणत्या खांद्यावर, दिवसांतून किती तास? त्याच रात्रीं जेवतांना आमच्या धाकट्या बंधूंनीं जाहीर केलें कीं हा धंदा आतां पुरे, हिनें बँकेची परीक्षा द्यावी. मुलगी कांहीं बोलली नाहीं. पानावरून उठली मात्र अर्धपोटीं.

बंधूंची काळजी खोटी नव्हती. एका खांद्यावर ओझें असलें म्हणजे पट्टा घसरूं नये म्हणून माणूस नकळत तो खांदा वर उचलून धरतो आणि मान दुसरीकडे कलती करतो. मानेचे स्नायु असे तासन् तास ताणलेले राहिले तर ते तक्रार करणारच. दुसऱ्या दिवशीं आम्हीं चिरंजीवांकडून स्वयंपाकघरांतील काट्यावर एकेक वस्तु तोलविली. कॅमेरा ७०० ग्रॅम. नेहमींचें भिंग ९००. मंडपाच्या टोकावरून वधूचा चेहरा टिपणारें लांब भिंग १४८०. सेलांसह फ्लॅश ५००. लॅपटॉप १४००, त्याचा चार्जर ३५०. जादा बॅटऱ्या, कार्डें व तारा ४००. भरलेली पाण्याची बाटली १०००. आणि रिकामी पिशवी १६००. बेरीज आली ८ किलो ३३० ग्रॅम! म्हणजे जवळ जवळ पांचवा हिस्सा नुसत्या पिशवीचा, तिच्या जाड गाद्यांचा आणि लोखंडी कड्यांचा.

आंकडा ऐकून मुलगी म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा, यांतलें काय काढूं?"

घरांत जो तो म्हणाला कीं दोन पट्ट्यांची पाठीवरची सॅक घ्यावी. कण्याच्या दृष्टीनें तें योग्यच आहे. पण मंडपांत सॅक कशी अडते तें एकदां पाहिलें पाहिजे. भिंग बदलावयाचें तर ती पाठीवरून उतरवून जमिनीवर ठेवावी लागते. खालीं अक्षता, सांडलेलें पाणी आणि धांवणारीं मुलें. तोंवर अंतरपाट दूर होतो, आणि तो कांहीं फोटोसाठीं पुनः धरीत नाहींत. खांद्यावरची पिशवी मात्र कुशीवरून पोटाशीं ओढली, झांकण उचललें, कीं उभ्या उभ्या काम होतें. ज्यास चालावयाचें आहे त्यानें सॅक घ्यावी. ज्यास उभें राहून काम करावयाचें आहे त्यास खांद्यावरची पिशवीच पाहिजे.

या पिशव्यांची कुळकथाहि हेंच सांगते. फिलाडेल्फियाच्या 'इन्क्वायरर' पत्राचे छायाचित्रकार जिम डोमके यांनीं १९७० नंतरच्या दशकांत स्वतःच्या कामासाठीं जी कॅन्व्हासची पिशवी बेतली, ती पेटीसारखी ताठ नव्हती. मऊ होती व अंगास बिलगत होती. इंग्लंडांतील बिलिंगहॅमच्या कारखान्याचा आरंभ १९७३ सालीं झाला तो गळ टाकून मासे पकडणाऱ्यांच्या पिशव्यांनीं; छायाचित्रकार पुढें तिकडे वळले. आमच्या दुकानदारांस मात्र जाड फोमचा फार अभिमान. फोम आदळण्यापासून वस्तु वांचवितो हें खरें, पण तो अंगापासून ओझें दूर लोटतो, आणि दूर लोटलेलें ओझें अधिक जड लागतें.

फोमविषयीं आमचें दुसरें गाऱ्हाणें पावसाळ्याचें आहे. आमचें मूळ घर कोंकणांत. तेथें श्रावणांत लोणच्याच्या बरणीपासून पोथीच्या वेष्टनापर्यंत कशासहि बुरा येतो, मग भिंगांची काय कथा! दमट, काळोख्या जागीं भिंगाच्या आंत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु पसरतात आणि कालांतरानें कांचेवरचा लेपहि खातात. भिजलेल्या पिशवीचा फोम दिवसेंदिवस ओल धरून ठेवतो, म्हणून काम आटोपून घरीं आल्यावर सामान पिशवींत ठेवूं नये. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावें, आणि पुड्या ओलावल्या कीं त्या तापवून कोरड्या कराव्या. ज्यांचीं भिंगें मोलाचीं आहेत त्यांनीं आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राखणारें विजेचें कपाट घेतल्यास तें पैसे वांयां गेले असें आम्ही म्हणणार नाहीं. मेण चढविलेलें कॅन्व्हास पावसास बरेंच दाद देत नाहीं. चामड्याची पिशवी दिसावयास राजबिंडी, पण कोंकणांत तिची जोपासना म्हणजे घरांत दुसरें दुभतें जनावर.

दुकानांत आम्हीं आणखी कांहीं गोष्टी हात घालून पाहिल्या. लॅपटॉपचा कप्पा अंगाकडच्या बाजूस हवा, आणि त्याचा तळ पिशवीच्या तळापासून दोन बोटें उंच हवा. एरव्हीं पिशवी फरशीवर टेकविली कीं प्रत्येक वेळीं लॅपटॉपची कड आपटते. पट्टा चार बोटें रुंद असावा व मानेवरून विरुद्ध कुशीस तिरपा येण्याइतका लांब, पण पिशवी कंबरेखालीं लोंबूं नये. ती मांडीवर आपटत राहते. व्हेल्क्रोचें झांकण मात्र आम्हीं साफ नाकारलें. ऐन कन्यादानाच्या वेळीं कापड फाटल्यासारखा तो आवाज झाला तर सारा मंडप मागें वळून पाहील.

परगांवच्या कार्यास विमानानें जाणें झालें तर आपल्या देशांत हातांतील सामानाची मर्यादा बहुधा ७ किलोंची असते, आणि लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या खालच्या सामानांत देतां येत नाहींत. त्या जवळच बाळगाव्या लागतात. ८ किलोंच्या पिशवीचा निकाल तेथेंहि लागतो.

शेवटीं आम्हीं मुलीस उत्तर दिलें तें असें: पाण्याची बाटली काढ, पाणी कोणत्याहि कार्यालयांत मिळतें, आणि लॅपटॉपला मंडपांत कांहीं काम नाहीं. ९०० ग्रॅमची साधी कॅन्व्हासची पिशवी घेतली, जिच्यांतले पडदे काढतां येतात. लग्नाच्या दिवशीं तींत कॅमेरा, दोन भिंगें, फ्लॅश व थोड्या बॅटऱ्या, म्हणजे पावणेपांच किलोंच्या आंत. लॅपटॉप पाठीवरच्या लहान सॅकमधून येतो आणि यजमानांच्या खोलींत कुलुपांत राहतो. लोकांकडे फोटो दाखवावयास जावयाचें असेल त्या दिवशीं त्याच पिशवींत लॅपटॉप, आणि कॅमेऱ्यास एकच लहान भिंग. साडेतीन किलोंच्या आसपास. दुकानदारानें याहून मोठी पिशवी "पुढें उपयोगीं पडेल" म्हणून पुष्कळ गळ्यांत मारूं पाहिली. आमच्या सौभाग्यवतींनीं त्यास ऐकविलें कीं मोठ्या पातेल्यांत भात नेहमीं जास्तच शिजतो.

मुंग्या कमी आहेत, गेलेल्या नाहींत. डॉक्टरांनीं सांगितलेला व्यायाम ती सकाळीं गच्चीवर करते, आणि पट्टा एक दिवस डाव्या तर एक दिवस उजव्या खांद्यावर घेते. बंधूंनीं बँकेच्या परीक्षेचीं पुस्तकें आणून माजघरांतल्या फडताळांत ठेवलीं आहेत. त्यांचें वेष्टन अजून कोणीं सोडलेलें नाहीं, आणि तीं परत करण्याची गोष्टहि कोणीं काढलेली नाहीं.